मिस्साला जाते, ख्रिस्तप्रसाद घेत नाही

सुकेळी | ४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. गेल्या आठवड्यात इथेच एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं, "ख्रिस्ती लोकांना असले प्रश्न पडत नाहीत, ते आपले रविवारी रांगेत उभे." मग राहवलं नाही. (मिस्सा म्हणजे आमची चर्चमधली उपासना, ख्रिस्तप्रसाद म्हणजे तिच्यात मिळणारी पवित्र भाकर. ती रांग त्यासाठीच.)

मी वसईची, पश्चिमेच्या वाड्यांच्या पट्ट्यातली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अर्धं गाव इथे वाचतं. घर पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. १४ वर्षं मी पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या गावच्या चर्चमध्ये, धर्मशिक्षण शिकवलं, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या मुलांचा वर्ग माझ्याकडे असायचा. २००९ मध्ये सोडला. फादरांना सांगितलं, गुडघे दुखतात. (तेव्हा ठणठणीत होते. आता खरंच दुखतात.)

आज मी स्वतःला ख्रिस्ती म्हणत नाही. तरी दर रविवारी आईला स्कूटरवर मागे बसवून सकाळच्या मिस्साला नेते. गाणी म्हणते. शांती देताना शेजारणीचा हात हातात घेते. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मात्र बाकावर बसून राहते आणि बाकीच्यांना जायला वाट मिळावी म्हणून गुडघे एका बाजूला वळवते. ती दोन-तीन मिनिटं फार लांब असतात. आई प्रसाद घेऊन येते, माझ्या गुडघ्यांवरून पुढे सरकते, डोळे मिटून बसते. इतक्या वर्षांत तिनं एकदाही विचारलेलं नाही.

कारण सांगते. १९६१ च्या पावसात माझ्या आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, एक मूल झालं. मुलगा. अंगानं निळा पडलेला. आजोबा कंदील घेऊन फादरांना बोलवायला धावले, पण ओढ्याला पाणी होतं. ते परत येईपर्यंत बाळ गेलं होतं. बाप्तिस्मा, म्हणजे पाणी घालून ख्रिस्ती करून घ्यायचा संस्कार, झाला नव्हता, म्हणून दफनभूमीत जागा मिळाली नाही. भिंतीबाहेर उंडीच्या झाडाखाली पुरलं. नावही नाही, कारण नाव बाप्तिस्म्यालाच ठेवायचं. घरात त्याला 'ते' म्हणत.

इतरांसाठी सांगते: बाप्तिस्मा न होता गेलेली बाळं स्वर्गात जात नाहीत, 'लिंबो' नावाच्या जागी राहतात, तिथे दुःख नाही पण देवाचं दर्शनही नाही, असं शिकवलं जाई. लहानपणी मला वाटायचं की ते बाळ कुठल्यातरी लिंबाच्या झाडावर राहतं. आजीला वाटायचं की आपण मेल्यावरही ते आपल्याला भेटणार नाही. हे ती ४३ वर्षं मनात धरून जगली आणि २००४ मध्ये गेली.

एप्रिल २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाचा दस्तऐवज आला. लिंबो हा चर्चचा सिद्धांत कधीच नव्हता, ते एक मत होतं, आणि अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, असं त्यात म्हटलं होतं. बातमी वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मी ओट्यावर बसून रडले ती रागानं. मत होतं म्हणे! आजीला कोणी ते मत म्हणून सांगितलं नव्हतं. आणि चुकलं हे सांगायलाही आमच्या दारात कोणी आलं नाही.

श्रद्धावंतांना विचारायचंय: तुम्हाला शंका येते का? आली तर तिचं काय करता? मला वाद घालायचा नाही. म्हणजे घालायचाच आहे, पण नीट.

---

केळफूल | ४ ऑक्टोबर, रात्री ११:१५

वाचतेय. आमच्या घरातही भिंतीबाहेरचं एक आहे. आजवर कुणी बोललं नव्हतं.

---

कातळ | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

अभिनंदन ताई. धर्म कुठलाही असो, शेवटी माणसाला भीती घालायचं दुकानच. आमच्या रत्नागिरीकडे कौल लावणारे आणि तुमच्याकडे पाणी शिंपडणारे. तुम्ही बाहेर पडलात हे उत्तम केलंत.

---

सुकेळी | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

कातळदादा, अभिनंदन कसलं? परीक्षा पास झाले नाहीये. आणि तिकडून निघाले म्हणजे तुमच्या गाडीत बसले असं नाही. माझं काहीतरी हरवलंय, मी त्याबद्दल लिहितेय.

---

अर्धा पाद्री | ५ ऑक्टोबर, दुपारी १:०५

(नावावरून घाबरू नका. ७ वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शिक्षणाला होतो, दीक्षेआधी बाहेर पडलो. बायको आहे, दोन मुलं आहेत, आणि श्रद्धाही आहे.)

सुकेळीताई, दस्तऐवजाबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. त्यात जपून म्हटलंय की ही प्रार्थनापूर्वक आशेची कारणं आहेत, खात्रीचं ज्ञान नव्हे. थोडा मागचा इतिहास मांडतो.

संत ऑगस्टीनचं मत लिंबोपेक्षा कडक होतं. बाप्तिस्मा न झालेली बाळंही दंडातच जातात, फक्त तो दंड सगळ्यांत सौम्य असतो, असं ते म्हणत. मध्ययुगातल्या पंडितांना हे सोसवेना. त्यांनी बाळांना दंडातून काढून एका सुखी पण देवदर्शनाविना जागी ठेवलं. म्हणजे लिंबो ही खरं तर दयेपोटी काढलेली पळवाट होती. शिकवताना मात्र दया गळून पडली आणि भिंत तेवढी उरली.

१९८३ च्या चर्च कायद्यानुसार, आईबापांचा बाप्तिस्मा देण्याचा इरादा होता पण मूल आधीच गेलं, तर बिशपांच्या परवानगीनं चर्चमध्ये अंत्यविधी करता येतो. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर स्पष्टच आहे की देवानं तारण बाप्तिस्म्याशी जोडलंय, पण देव स्वतः संस्कारांना बांधलेला नाही.

आणि एक, बाप्तिस्म्याला फादरच लागतो असंही नाही. जीव धोक्यात असेल तर कोणीही देऊ शकतं. बाई, पुरुष, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा. पाणी हवं, शब्द हवेत, आणि चर्चला जे करायचं असतं ते करण्याचा हेतू हवा. हे जुनंच आहे, नव्यानं दिलेली सूट नाही.

---

सुकेळी | ५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

अर्धे पाद्री, तुमचा शेवटचा परिच्छेद मला पाठ आहे. कारण मीच तो शिकवायचे.

१९९७ ची गोष्ट. दुसऱ्या दिवशीच्या वर्गाची तयारी मी ओटीवर मोठ्यानं वाचून करत होते. आजी समोर बसून विड्याची पानं मोजत होती, ती सकाळच्या गाडीनं पाठवायची होती. मी वाचलं, "गरज पडल्यास कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो." तिचा हात थांबला. विचारलं, "कोणीही?"

मी म्हटलं, "हो."

"सुईणसुद्धा? ती आपल्यातली नसली तरी?"

मी धडा नीट पाठ केला होता. मी म्हटलं, "हो आजी, हेतू असला की झालं."

तिनं मोजलेली पानं परत सुटी केली आणि पहिल्यापासून मोजायला लागली. पुढे काही बोलली नाही. रात्री जेवली नाही, पोट बरं नाही म्हणाली.

१९६१ च्या त्या रात्री घरात सुईण होती. तीस-एक बाळंतपणं केलेली बाई. चुलीवर तांब्याच्या हंड्यात पाणी गरम होतं. आजी स्वतः शुद्धीवर होती. सगळं होतं. फक्त ते कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि आजोबा फादरांसाठी ओढ्याच्या काठावर उभे होते.

म्हणजे ३६ वर्षांनी, पुस्तक हातात धरून, मी तिला सांगितलं की एक ओंजळ पाणी पुरलं असतं. शंका मला तेव्हा आली. ओंजळभर पाण्यावर एखाद्याची अनंतकाळाची जागा ठरवणारा देव असेल, तर तो आमच्या तलाठ्यापेक्षा बरा कसा? २००७ ची बातमी नंतरची.

---

केळफूल | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४८

पानं परत मोजायला लागली... इथे थांबले.

---

अर्धा पाद्री | ५ ऑक्टोबर, रात्री ११:५५

माफ करा. मी वर नियम सांगून मोकळा झालो. खाली काय पुरलेलं आहे ते ठाऊक नव्हतं.

उत्तर नाही माझ्याकडे. एवढंच सांगतो की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये नास्तिकतेबद्दल लिहिताना श्रद्धावंतांच्याच पदरात माप घातलं होतं. धर्माचं शिक्षण चुकीचं दिलं, वागणं चुकीचं ठेवलं, की लोक देवापासून लांब जातात आणि त्यात आपला वाटा मोठा असतो, असं. सेमिनरीत हे वाक्य आम्ही परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आज कळलं कुणाबद्दल आहे.

---

आबोली | ६ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

सुकेळीताई, वाचून गळो भरान इलो. माका धर्मशास्त्र कळणा नाय.

पुढचं मराठीत लिहिते, नाहीतर वसईकर म्हणतील ही काय बोलते. मी सावंतवाडीकडची, कॅथलिक, नर्स. नवजात बाळांच्या विभागात १९ वर्षं झाली. मी स्वतः चार बाळांना बाप्तिस्मा दिलाय. सगळे आईबापांनी सांगितलं म्हणून. बाळ काचेच्या पेटीत असतं, हजार-बाराशे ग्रॅमचं, नळ्या लावलेल्या. डोक्यावर पाणी ओतता येत नाही, थंडी बाधते. निर्जंतुक पाणी कोमट करून सिरिंजनं कपाळावरून थोडंसं वाहू द्यायचं, शब्द म्हणायचे, कापसानं लगेच टिपायचं. अर्धं मिनिट लागतं.

एकदा माझी सुट्टी होती. माझ्या मैत्रिणीचा फोन आला, तीही नर्स, हिंदू, देवगडची. म्हणाली, बाळ जातंय, आई सारखी बाप्तिस्मा बाप्तिस्मा म्हणतेय, शब्द सांग. मी फोनवर सांगितले, तिनं म्हटले. नंतर मला म्हणाली, "माझ्या हातून चाललं ना गो? पाप नाय ना लागणार त्या पोराक?" रडत होती. आणि संध्याकाळी तिनं देवळात जाऊन त्या बाळासाठी गाऱ्हाणंही घातलं.

मला शंका येते का? येते. पेटीपाशीच येते. चारपैकी तीन गेली. पण त्या हिंदू मुलीचा थरथरणारा हात आठवला की वाटतं, देव असलाच तर तिथे होता. नियमात होता की नाही, ते मोठ्यांनी बघावं.

---

सुकेळी | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:००

आबोलीताई, तुमची मैत्रीण १९६१ मध्ये आमच्या घरी हवी होती.

---

वचनवाचक | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

प्रभूच्या नावात सलाम. कॅथलिक परंपरेमुळेच हा गोंधळ झालेला आहे. लिंबो बायबलमध्ये नाही, बालबाप्तिस्माही नाही. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. दावीद राजाचं बाळ गेलं तेव्हा तो म्हणाला की मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही (२ शमुवेल १२). म्हणजे बाळ देवाजवळच आहे. भगिनींनी माणसांच्या शिकवणीवर भिस्त ठेवली, वचनावर नाही. स्पष्टच सांगतो, ज्याचा विश्वास जातो त्याचा तो खरा कधी नव्हताच.

---

दर्यावर्दी | ६ ऑक्टोबर, दुपारी ४:०२

शेवटचं वाक्य नसतं लिहिलं तर चाललं असतं हो.

---

सुकेळी | ६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

वचनवाचक, तोच अध्याय थोडा आधीपासून वाचा. ते बाळ मेलं कशानं? बापानं पाप केलं, म्हणून देवानं बाळाला आजारी पाडलं, असं तिथेच लिहिलंय. बाप सात दिवस जमिनीवर पडून उपाशी राहिला तरी बाळ गेलं. शेवटचं सांत्वन उचलायचं आणि त्याच्या आधीचं झाकायचं, हे मला जमत नाही. मुलांना शिकवताना मी तो भाग गाळायचे. गाळत होते, म्हणजे माझं मलाच पटत नव्हतं.

आणि 'खरा नव्हताच' म्हणता, तर तीस वर्षं रोज रात्री गुडघ्यावर बसून केलेली रोझरी खोटी होती हे तुम्हाला दापोलीहून दिसलं?

---

वचनवाचक | ६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

मी दापोलीचा आहे हे कसं कळलं?

---

सुकेळी | ६ ऑक्टोबर, रात्री १०:४४

प्रोफाइलवर लिहिलंय.

---

संपादक | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:००

रात्रीत आलेले ६ प्रतिसाद उडवले आहेत. धागा श्रद्धा आणि शंकेबद्दल आहे. तांदूळ वाटून धर्मांतर, परकीय पैसा, पोर्तुगीजांचे अत्याचार, १७३९ चा वसईचा विजय, यांसाठी वेगळे धागे आहेत आणि ते पुरेसे लांब आहेत.

---

कातळ | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

ताई, माझा पहिला प्रतिसाद उथळ होता. मागे घेतो.

काल आईला तुमचा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, आपल्याकडे काय वेगळं होतं? दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. आमच्या घरचं वहाळाच्या काठाला पुरलेलं आहे. श्राद्ध नाही, पान नाही, वर्षाचा दिवस नाही. आईला तारीख आठवते, पण ती कोणाला सांगायची सोय नव्हती. मी ४६ वर्षांचा आहे, मला एक मोठी बहीण होती हे काल कळलं.

दापोलीवरून आठवलं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक मूळचे त्याच बाजूचे, करजगावचा जन्म. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घरदार तुटलं. पण शेवटी १९१७ मध्ये त्याच टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. मी नास्तिक आहे, पण या माणसाबद्दल मला आदर आहे. पाण्यासाठी एवढं सोसलेल्या माणसानंच पाण्याची अट काढली.

---

अर्धा पाद्री | ७ ऑक्टोबर, दुपारी १:१०

कातळ, शेवटच्या वाक्याला दाद. टिळकांनी स्वतः ते इतकं सोपं करून सांगितलं नसतं बहुतेक, पण दाद.

---

केळफूल | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:३०

सुकेळीताई, शंकेचं म्हणाल तर मदर तेरेसांची पत्रं आठवा. त्यांना जवळजवळ ५० वर्षं देव जाणवत नव्हता. तरी त्या काम करत राहिल्या आणि संत झाल्या. शंका म्हणजे श्रद्धा गेली असं नाही ना?

---

सुकेळी | ७ ऑक्टोबर, रात्री ९:२०

ती पत्रंही २००७ मध्येच छापून आली. माझं ते सालच तसलं होतं. दोनदा वाचली.

मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही, उलट माया वाटली. पण बघा, ती पत्रं त्यांना नष्ट करून हवी होती. जगासमोर हसरा चेहरा आणि अंधार फक्त कन्फेसरच्या, म्हणजे पापांची कबुली ऐकणाऱ्या फादरांच्या, कानात. आमच्या पॅरिशमध्येही हेच. १४ वर्षांत मी एकाही शिक्षकाच्या, एकाही सिस्टरच्या तोंडून 'मला माहीत नाही' ऐकलं नाही. मीही कधी म्हटलं नाही. नऊ वर्षांच्या पोरानं विचारलं, "टीचर, स्वर्गात कुत्रा येतो का?" तर मी ठाम 'नाही' म्हटलं. कशावरून? त्या पोराचा कुत्रा आदल्या दिवशी रिक्षाखाली गेला होता, हे नंतर कळलं.

आजीला ज्यांनी लिंबोचं सांगितलं ते वाईट नव्हते. त्यांनाही खात्रीनं बोलायचंच शिकवलं होतं. मला शंकेचा त्रास नाही झाला हो. खात्रीचा झाला.

---

दर्यावर्दी | ८ ऑक्टोबर, पहाटे ४:४०

बोट बंदरात आहे, डिझेल भरायचंय, म्हणून वेळ आहे. आपलं शिक्षण दहावी नापास, चुकलं तर सांभाळा.

११ नोव्हेंबर २००९, फयान वादळ. आम्ही रत्नागिरीच्या बाहेर होतो. वायरलेसवर कळलं तेव्हा वारा आधीच फिरला होता. जयगडच्या खाडीत शिरायला पाच तास लागले. माझा बाप सुकाणूवर, मी आणि दोन खलाशी पाणी उपसत होतो, आणि बाप मोठ्यानं नमो मारिया म्हणत होता. त्याचा आवाज वाऱ्यात ऐकू येत नव्हता, तोंड हलताना दिसत होतं. आम्ही वाचलो.

आमच्या ओळखीची दुसरी बोट नाही आली. तिच्यावरही केबिनमध्ये मरियेचाच फोटो होता. एकाच दुकानातून आणलेले, एकाच फादरांनी आशीर्वाद दिलेले. तिचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुखही आमच्या बापापेक्षा जास्त धार्मिक.

तर ताई, तुमचा प्रश्न मला तेव्हापासून आहे. कुणी म्हणालं की मारियेनं वाचवलं, तर मी विचारतो, मग त्यांना का नाही? त्यावर कोणाकडेच उत्तर नाही, आणि जो उत्तर देतो त्याचा मला राग येतो.

पण मी रोझरी सोडली नाही. का, ते विचाराल तर नीट सांगता येणार नाही. अंधारात जाळं ओढताना हाताला काहीतरी धरायला लागतं. दोर धरला म्हणजे मासळी येईलच असं नाही, पण दोर सोडून कोण उभा राहतो? त्या दुसऱ्या बोटीवरच्यांचीही नावं मी रोज घेतो. देव ऐकत असेल तर त्यानं ती ऐकावीत. नसेल तर निदान मी ऐकतो.

---

सुकेळी | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

दर्यावर्दीदादा, १४ वर्षांत तुमच्यासारखा एकजण वर्गात शिकवायला हवा होता. नापास म्हणे.

---

आबोली | ८ ऑक्टोबर, रात्री ८:३०

मला येशूच्या शिष्याचं, थॉमसचं एक सुचलं. आपण त्याला नेहमी शंकेखोर म्हणून नावं ठेवतो. पण योहानाच्या शुभवर्तमानात आहे की येशू मेल्यानंतर बाकीच्या शिष्यांनी 'प्रभू दिसला' सांगितल्यावर तो म्हणाला, जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. आणि त्यानंतर आठ दिवसांनी येशू आला तेव्हा थॉमस तिथेच होता, त्याच घरात, त्याच माणसांत. म्हणजे आठवडाभर तो न मानता त्यांच्यात जेवला, झोपला. कोणी हाकललं नाही, तोही उठून गेला नाही. ताई, तुम्ही रविवारी गुडघे वळवून बसता ते वाचलं आणि मला तो आठवडा दिसला.

---

सुकेळी | ८ ऑक्टोबर, रात्री ९:५०

हे शिकवताना माझ्या कधी लक्षात आलं नाही. खरंच नाही.

पण आबोलीताई, त्याला शेवटी जखमा दाखवल्या. माझा आठवडा १७ वर्षं चाललाय आणि दारं बंद आहेत. मी वाट बघतेय असंही समजू नका. कधी कधी बघते.

---

केळफूल | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:००

थोडं अवांतर, पण विचारते. असं न मानणाऱ्याला शेवटी दफनभूमीत जागा देतात का? माझा भाऊ सोडून बसलाय सगळं, आईला तीच काळजी.

---

अर्धा पाद्री | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

कायद्यानं, उघडपणे धर्म सोडलेल्याला चर्चचा अंत्यविधी नाकारता येतो, मात्र मरण्याआधी पश्चात्तापाची काही खूण दिसली तर नाही. शंका असेल तिथे बिशप ठरवतात. आणि झालेला बाप्तिस्मा पुसता येत नाही. चर्च औपचारिकपणे सोडल्याचा जो उल्लेख विवाहाच्या कलमांत होता, तोही २००९ मध्ये काढून टाकला. भावाला सांगा, सोडलं म्हटलं तरी बाप्तिस्म्याच्या वहीत नाव आहेच.

सुकेळीताई टोपणनावानं लिहितात, म्हणजे 'उघडपणे' धरायचं की नाही हा एक छान खटला होईल.

---

सुकेळी | ९ ऑक्टोबर, दुपारी २:१०

:) म्हणजे ज्याला दोन थेंब पाणी मिळालं ते मी, मानत नाही तरी कायमची वहीत. आणि ते बाळ वहीत नाहीच.

---

वचनवाचक | १० ऑक्टोबर, सकाळी ७:००

ताई, त्या दिवशीचं शेवटचं वाक्य मी अहंकारानं लिहिलं. तुमच्या रोझरीबद्दल बोलायचा मला अधिकार नव्हता. दावीदाच्या बाळाबद्दल तुम्ही म्हणता ते तीन दिवस वाचतोय. आमच्या पाळकांनाही विचारलं. त्यांचं उत्तर मला पटलं नाही, हे पहिल्यांदाच झालं. मी विश्वासात आहे. फक्त हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

---

सुकेळी | १० ऑक्टोबर, सकाळी ९:३०

तुमचा विश्वास डळमळावा म्हणून धागा काढला नव्हता हो, खरंच. पण सांगितलंत ते फार आवडलं.

---

कातळ | १२ ऑक्टोबर, रात्री ९:००

ताई, ती भिंतीबाहेरची जागा आता कशी आहे? विचारावं की नाही कळत नव्हतं. आम्ही वहाळाकडे जाऊन आलो. काठ पार वाहून गेलाय, काही सापडलं नाही. आई तरी थोडा वेळ उभी राहिली.

---

सुकेळी | १२ ऑक्टोबर, रात्री ११:३०

आईंना नमस्कार सांगा.

जागेची गंमत सांगते, गंमतच म्हणायची. २०११ मध्ये आमची दफनभूमी अपुरी पडायला लागली म्हणून वाढवली. पश्चिमेची भिंत पाडली आणि वीसेक फूट पुढे बांधली. नकाशा कोणी बघितला नाही. कंत्राटदारानं दोरी लावली, उंडीचं झाड तोडायचं की ठेवायचं विचारलं, कोणीतरी ठेवा म्हणालं. तर आता उंडी आत आहे. मुळापाशी नव्या कबरी होऊ शकत नाहीत, तेवढी जागा मोकळी आहे.

म्हणजे आजीच्या बाळाला आत घेतलं ते धर्मपंडितांनी नाही, सेंट्रिंगवाल्यानं. आजीला हे सांगायला मिळायला हवं होतं. ती हसली असती.

दर २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, सगळी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळते. मी आजी-आजोबांच्या आणि वडिलांच्या कबरीवर लावते आणि एक उंडीखाली. का लावते विचारू नका. आजी बाहेरून लावायची, भिंतीला टेकून, सगळे घरी गेले की. पूर्वी उंडीच्याच बियांच्या तेलाचा दिवा, नंतर मेणबत्ती. तिचे पाय गेल्यावर मला पाठवायची. तेव्हापासूनची सवय आहे. पण तिकडे समुद्राचा वारा थेट लागतो, मेणबत्ती पाच मिनिटं टिकत नाही.

---

दर्यावर्दी | १३ ऑक्टोबर, पहाटे ५:१५

मेणबत्ती उघडी लावता ना? करवंटीत लावा. मोठ्या नारळाची अर्धी करवंटी घ्या, डोळ्यांची बाजू नको, खालची. तळाला मूठभर ओली वाळू, त्यात मेणबत्ती रोवा, आणि तोंड जमिनीकडे थोडं तिरपं, वाऱ्याकडे पाठ. आम्ही बंदरावर तशीच लावतो, तासभर जाते.

---

आबोली | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

आणि करवंटी बाहेरून घासून घ्या ताई. काथ्या राहिलो तर पेट घेता.

---

सुकेळी | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

आज वाडीत नारळ पाडायला माणूस येणार आहे. एक मोठा बाजूला ठेवायला सांगते. आई विचारतेय कशाला, तिला हा धागा वाचून दाखवावा का?

---

केळफूल | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:५२

दाखवा. आणि दोन नारळ ठेवा, एक माझ्याकडे पाठवा. मी गाव ओळखलंय.